हाजी खलिफा कातिब चलबी : धुराच्या वादात तराजू हाती धरणारा विद्वान

इस्लामच्या इतिहासात काही विद्वान असे होऊन गेले की, त्यांनी ना मदरशाची गादी भूषविली, ना काझीचे पद स्वीकारले. तरीही त्यांच्या लेखणीने उम्मतवर मोठे उपकार केले. मुस्तफा बिन अब्दुल्लाह हे त्यांपैकी एक. तुर्क लोक त्यांना कातिब चलबी म्हणून ओळखतात, तर अरब जगतात ते हाजी खलिफा या नावाने प्रसिद्ध आहेत. येथे 'खलिफा' म्हणजे राज्यकर्ता नव्हे. सरकारी दफ्तरातील वरच्या कारकुनाचा तो हुद्दा होता. हजयात्रेचे भाग्य लाभल्यामुळे त्याला 'हाजी' हे बिरुद जोडले गेले. एका हिशेबनीसाचे हे चरित्र आज सांगण्याचे कारण असे की, ज्या वस्तूचा कुरआन व हदीसमध्ये नावाने उल्लेख नाही, तिच्याशी मुस्लिम समाजाने कसे वागावे, हा प्रश्न त्यांच्या काळात तंबाखूच्या रूपाने पेटला होता. आज तोच प्रश्न ई-सिगारेटच्या रूपाने आपल्या घरात, आपल्या तरुणांच्या खिशात आणि उमराहला निघालेल्या प्रवाशाच्या सामानात येऊन बसला आहे.

बालपण आणि दफ्तर

कातिब चलबी यांचा जन्म १६०९ साली इस्तंबूल येथे झाला. वडील अब्दुल्लाह हे उस्मानी सैन्यात सेवेत असलेले धर्मनिष्ठ गृहस्थ होते. विद्वानांच्या बैठकीत बसण्याची त्यांना ओढ होती, आणि तीच ओढ मुलात उतरली. पाच-सहा वर्षांच्या वयात मुस्तफांचे कुरआन शिक्षण सुरू झाले. पुढे अरबी व्याकरण व सुलेखन यांचेही धडे मिळाले. चौदाव्या वर्षी वडिलांनी आपल्या पगारातून रोज चौदा दिरहम त्यांच्या नावे ठरवून दिले आणि त्यांना अनातोलियाच्या हिशेब दफ्तरात उमेदवार म्हणून बसविले.

हे दफ्तर एका जागी स्थिर नसे. फौज निघाली की हिशेबनीसही तिच्यामागे निघत. अशा रीतीने कोवळ्या वयातच त्यांच्या नशिबी प्रवास आला. बगदादच्या मोहिमेत त्यांनी वेढा पाहिला, उपासमार पाहिली, पराभूत सैन्याची परतीची वाट पाहिली. १६२६ साली त्याच परतीच्या वाटेवर मोसुल येथे वडिलांचे निधन झाले. महिनाभरात नुसैबिन येथे चुलतेही गेले. सतरा वर्षांचा हा मुलगा दोन कबरी मागे ठेवून पुढे निघाला. या दुःखाने त्यांच्या स्वभावात कडवटपणा आला नाही; उलट माणसाच्या दुबळेपणाकडे करुणेने पाहण्याची दृष्टी आली. त्यांच्या पुढील लेखनात ती जागोजागी जाणवते.

उस्तादाचे ऋण

१६२८ च्या सुमारास ते इस्तंबूलला परतले. त्या काळी काझीजादा मुहम्मद एफेंदी यांच्या प्रवचनांना प्रचंड गर्दी लोटत असे. त्यांच्या वाणीत विलक्षण ओढ होती. अज्ञानाचा अंधार झटकून इल्मच्या मार्गाला लागा, हा त्यांचा उपदेश तरुण मुस्तफांच्या काळजाला भिडला आणि त्यांनी आयुष्य ज्ञानाला वाहण्याचा निश्चय केला. हे ऋण त्यांनी अखेरपर्यंत मान्य केले. मात्र उस्ताद ज्या विद्यांना हात लावीत नसत, त्या तर्कशास्त्र, गणित व भूगोल यांचाही अभ्यास शिष्याने केला. आणि उस्तादांचा कठोरपणा जिथे पटला नाही तिथे तसे मोकळेपणाने लिहिले. आदर आणि मतभेद हे एका हृदयात नांदू शकतात, याचे हे सुंदर उदाहरण होय.

१६३३ साली वजीर-ए-आझम यांच्या फौजेबरोबर ते हलब शहरी गेले. तेथून ते हजला रवाना झाले. हलब येथे असताना त्यांनी ग्रंथविक्रेत्यांच्या दुकानांतील पुस्तकांची नावे टिपून घेण्यास सुरुवात केली. या टिपणांतूनच 'कश्फुज्जुनून' हा अजोड ग्रंथ आकाराला आला. सुमारे साडेचौदा हजार ग्रंथांची नावे त्यात वर्णानुक्रमे नोंदलेली आहेत. अनेक ग्रंथ काळाच्या ओघात नष्ट झाले. ते कधी काळी लिहिले गेले होते, एवढे तरी आज या नोंदींमुळे कळते.

१६३५ च्या येरेव्हान मोहिमेनंतर त्यांनी रणभूमीचा निरोप घेतला. एका श्रीमंत व्यापारी नातलगाचा वारसा मिळाला, तेव्हा त्यातील तीन लाख अक्चे त्यांनी पुस्तकांवर खर्च केले. कित्येक रात्री मगरिबपासून फजरपर्यंत त्यांची मेणबत्ती विझत नसे.

बंदी आणि तिचे फळ

आता त्या धुराकडे वळू. तंबाखू १६०० च्या सुमारास इंग्रज व्यापाऱ्यांच्या हातून उस्मानी राज्यात आली. आरंभी ती औषध म्हणून विकली गेली. पाहता पाहता आलिम आणि अमीर, शिपाई आणि हमाल सारेच तिच्या नादी लागले. समकालीन इतिहासकार इब्राहीम पेचवी यांनी कॉफीगृहांचे चित्र रेखाटले आहे. धूर इतका दाट की माणसाला माणूस दिसत नसे. लोक रस्त्यात एकमेकांच्या तोंडावर धूर सोडीत. दाढी, पगडी आणि वस्त्रे यांना दुर्गंध येई. ठिणग्यांनी गालिचे जळत. आपल्या दख्खनशीही या वस्तूचा संबंध आहे. त्याच सुमारास असद बेग हा मोगल वकील विजापूरहून तंबाखू व हुक्का घेऊन अकबर बादशहाच्या दरबारी गेला होता, आणि १६१७ साली जहांगीर बादशहाला तिच्यावर बंदी घालावी लागली.

१६३३ साली इस्तंबूलमध्ये भीषण आग लागली. त्यानंतर सुलतान मुराद चौथा याने तंबाखूवर कडक बंदी घातली आणि कॉफीगृहे पाडून टाकली. काझीजादा एफेंदींनी या बंदीला पाठबळ दिले. बंदी मोडणाऱ्यास मृत्युदंड होता, आणि तो केवळ कागदावर नव्हता. मोहिमेच्या मुक्कामांवर तंबाखू ओढताना सापडलेल्या सैनिकांना ठार मारण्यात आले. तरीही लोक थांबले नाहीत. कातिब चलबी नोंदवितात की, शिपाई आखूड नळ्या बाहीत लपवून ठेवीत, शौचकूपात जाऊन ओढीत. काहींनी तर इतरांची शिरे उडत असतानाही सवय सोडली नाही. शिक्षा वाढली तशी ओढही वाढली.

मुरादच्या मृत्यूनंतर बंदी सैल झाली. पुढे शैखुल इस्लाम बहाई एफेंदी यांनी तंबाखू मुबाह असल्याचा फतवा दिला. ते स्वतः तिचे व्यसनी होते, म्हणून लोक टोमणे मारीत. कातिब चलबी यांनी मात्र हुस्न-ए-जन राखला. हा फतवा स्वतःच्या सोयीसाठी नसून लोकांची अवस्था ओळखून दिला आहे, असे त्यांनी लिहिले. दुसऱ्या बाजूस काझीजादांचे अनुयायी तंबाखू ओढणाऱ्याच्या ईमानवरच बोट ठेवू लागले. मशिदीत नमाजी नमाज्याचा वैरी झाला.

सत्याचा तराजू

या कलहाने व्यथित होऊन कातिब चलबी यांनी १६५६ साली आपला अखेरचा ग्रंथ 'मीझानुल हक' लिहिला. मीझान म्हणजे तराजू. समाजात भांडणे लावणारे एकवीस विषय त्यांनी यात तोलले. तंबाखू व कॉफी हे त्यांपैकी दोन. तंबाखूची मीमांसा त्यांनी क्रमाने केली आहे. ही सवय बळाने सुटेल काय? जडलेली सवय ही दुसरी प्रकृतीच असते, म्हणून सुटणार नाही, असे त्यांचे उत्तर. प्रकृतीला ती कशी? कोरड्या प्रकृतीच्या माणसाला ती अपाय करते. मकरूह आहे काय? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येण्यास मनाई केली, हे ध्यानात घेता तिच्या दुर्गंधीमुळे तसे म्हणता येईल. आणि हराम? ज्या गोष्टीविषयी स्पष्ट दलील नाही, तिला हराम ठरवून लक्षावधी मुसलमानांना गुन्हेगार करण्याची घाई त्यांना मान्य नव्हती. राज्यकर्त्यांनी तिची विक्री प्रत्येक शहरात ठरावीक जागी ठेवावी आणि तिच्यावर कर बसवावा, असा व्यवहार्य सल्ला त्यांनी दिला.

त्यानंतर वर्षभरातच, ६ ऑक्टोबर १६५७ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांचे अचानक निधन झाले. 'जहाननुमा' हा भूगोलग्रंथ अपुराच राहिला. पुढे १७३२ साली इब्राहीम मुतफर्रिका यांच्या छापखान्यातून तो प्रसिद्ध झाला.

आपल्यासाठी बोध

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कातिब चलबी यांच्या निष्कर्षाचा आधार घेऊन आज कोणी धूम्रपानास मोकळीक मागू लागला, तर तो त्यांच्या तराजूचा अपमान ठरेल. त्यांच्या पारड्यात त्यांच्या काळाचे वैद्यक होते. तंबाखूमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. आज ते निर्विवाद आहे. आपल्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नये, ही अल्लाहची आज्ञा आहे. आणि याच आधारावर आजच्या असंख्य उलेमांनी धूम्रपान हराम ठरविले आहे. ई-सिगारेटमध्ये पान जळत नाही, वाफ निघते, हे खरे. परंतु बहुतेक ई-सिगारेटींत तेच निकोटिन असते आणि तीच गुलामी जडते. वस्तू बदलली, तोलण्याची रीत बदलत नाही.

प्रवाशासाठी तर हा तराजू विशेष उपयोगी आहे. ज्या देशात आपण पाहुणे म्हणून जातो, त्याचा कायदा पाळण्याचे वचन आपण व्हिसासोबतच दिलेले असते, आणि वचन पाळणे हे ईमानचे लक्षण आहे. हे कायदे देशागणिक वेगळे आहेत. कतारमध्ये ई-सिगारेटवर बंदी आहे. संयुक्त अरब अमिरातीत २०१९ पासून तिच्या विक्रीस नियमांसह परवानगी आहे. कातिब चलबींच्या तुर्कस्तानात बंद जागेत धूम्रपानास मनाई आहे. म्हणून दुबईत चालते ते दोहात चालेल, असे गृहीत धरू नये. विमानात हे उपकरण चेक-इन सामानात ठेवता येत नाही आणि प्रवासात ओढताही येत नाही. आणि आपल्या भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात व विक्री हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे परदेशातून मित्रासाठी भेट म्हणून आणलेली वस्तू विमानतळावर त्याच्यासाठी नव्हे, आणणाऱ्यासाठी संकट ठरते.

कायद्याहून अदब सूक्ष्म असतो. रमजानमध्ये धूर अथवा वाफ जाणूनबुजून आत ओढल्याने रोजा तुटतो. काही अरब देशांत दिवसा सर्वांसमक्ष तसे करणे दंडनीयही आहे. ही गोष्ट मुसाफिर म्हणून रोजाची सवलत घेतलेल्यानेही ध्यानात ठेवावी. इहराममध्ये सुगंध वर्ज्य असतो. मग सुगंधी वाफेच्या संशयात पडावेच कशाला? हरम शरीफच्या परिसरात, नमाजींच्या वाटेवर, यजमानाच्या घरी, मुलांजवळ वा गर्भवती स्त्रीजवळ वाफ सोडणे हे दुसऱ्याचा हक्क मारणे आहे. कांद्याच्या वासाने जिथे फरिश्त्यांना त्रास होतो असे आपल्याला शिकविले गेले, तिथे आणखी काय सांगावे?

आणि शेवटी घरातील वडीलधाऱ्यांसाठी. मुराद चौथ्याची तलवार जे करू शकली नाही, ते अब्बांचा रागही करू शकणार नाही. आपल्याच महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुड्या कुठे कुठे मिळतात हे कोणास ठाऊक नाही? मुलाच्या खिशात ते उपकरण सापडले, तर त्याच्या ईमानवर बोट ठेवू नका आणि त्याला बाहीत नळी लपविणारा शिपाई बनवू नका. त्याला जवळ बसवा, हानी समजावून सांगा, डॉक्टरांकडे न्या, आणि त्याच्यासाठी दुआ करा. उमराहचा प्रवास हा ही सवय मागे टाकण्याचा उत्तम मुहूर्त आहे. पुष्कळांनी ती तिथेच सोडली आहे.

अल्लाह तआला कातिब चलबी यांच्यावर कृपा करो, आणि आपल्याला योग्य तोलण्याची बुद्धी व तोललेले पाळण्याची ताकद देवो. आमीन.