लिली पार : मैदान नाकारलेली खेळाडू

फुटबॉल म्हटले की आपल्याला पेले आठवतो, मॅराडोना आठवतो. एखाद्या स्त्री खेळाडूचे नाव सांगा असे वर्गात कुणी विचारले, तर बहुधा सगळेच खाली माना घालतील. म्हणून या अंकासाठी मी लिली पार हिचे चरित्र निवडले. ही इंग्लंडची. तिला जाऊन बरीच वर्षे झाली. तिने किती गोल केले यापेक्षा, मैदान काढून घेतल्यावर ती तीस वर्षे कशी खेळत राहिली, याचे मला अधिक नवल वाटते.

लिलीचा जन्म २६ एप्रिल १९०५ रोजी लँकेशायरमधील सेंट हेलेन्स या गावी झाला. हे काचेच्या कारखान्यांचे गाव. वडील अशाच एका कारखान्यात मजूर होते. सात भावंडांत ती चौथी. शिवण, स्वयंपाक यांत तिचे मन रमत नसे. भावांच्या मागे लागून ती पडीक जागेत फुटबॉल खेळे, रग्बीही खेळे. डाव्या पायाचा तिचा तो जबरदस्त फटका तिथलाच. तिला शिकवायला कुणी प्रशिक्षक नव्हता.

त्या काळी बायकांचा फुटबॉल वाढला तो पहिल्या महायुद्धामुळे. पुरुष आघाडीवर गेले आणि कारखान्यांत बायका आल्या. प्रेस्टन येथील डिक, कर या कंपनीत पूर्वी ट्रामगाड्या व रेल्वेची इंजिने होत. युद्धात तिथे तोफगोळे होऊ लागले. जेवणाच्या सुटीत तिथल्या मुली आवारात चेंडू लाथाडू लागल्या आणि त्यातूनच संघ उभा राहिला. १९१७ च्या नाताळच्या दिवशी डीपडेल मैदानावर त्यांनी दुसऱ्या एका कारखान्याच्या मुलींना ४-० असे हरवले. प्रेक्षक होते दहा हजार. जमलेला पैसा जखमी सैनिकांच्या इस्पितळाला गेला.

हा संघ चालवणारे आल्फ्रेड फ्रँकलंड हे कारखान्याच्याच कचेरीत नोकरीला होते. सेंट हेलेन्सच्या मुलींकडून खेळणारी लिली त्यांच्या नजरेस पडली, तेव्हा ती अवघी चौदा-पंधरा वर्षांची होती. तिला कारखान्यात काम मिळाले, संघातल्याच एका मुलीच्या घरी राहण्याची सोय झाली, आणि प्रत्येक सामन्यामागे खर्चापोटी दहा शिलिंग, म्हणजे अर्धा पौंड, ठरले. पहिल्याच हंगामात तिने ४३ गोल केले. उंची सहा फुटांच्या जवळपास, जागा डाव्या बगलेची. तेव्हाचा चेंडू कातड्याचा. पावसात भिजला की दगडासारखा जड होई. तो चेंडू ही मुलगी कोपऱ्यावरून थेट गोलसमोर टाकत असे. तिच्या फटक्याने एका पुरुष गोलरक्षकाचा हात मोडला अशीही आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली यातच काय ते आले.

२६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक-कर संघाचा सामना सेंट हेलेन्सच्या मुलींशी झाला. आत त्रेपन्न हजार प्रेक्षक होते आणि बाहेर हजारो लोक तिकिटावाचून ताटकळत होते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या डहाणू शहराची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास होती. म्हणजे सारे डहाणू एकाच मैदानात बसले असे समजा! त्या एका दिवशी धर्मादाय कामासाठी तीन हजारांहून अधिक पौंड जमले. पुढच्या, म्हणजे १९२१ साली या संघाने ६७ सामने खेळले आणि ते सुमारे नऊ लाख लोकांनी पाहिले. हे सर्व कारखान्यातली पाळी सांभाळून! पहाटे तलासरी नाक्यावर उंबरगाव, भिलाड, वापीच्या कंपन्यांच्या गाड्यांची वाट पाहत उभ्या असलेल्या आपल्या मुली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना पाळी सांभाळणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोळशाच्या खाणमालकांनी मजुरी कमी करून खाणींना टाळे ठोकले. खाणकामगारांची चूल बंद पडली. बायकांच्या संघांनी त्यांच्यासाठीही सामने खेळून पैसा उभा केला. काम बंद असताना घरात काय शिजते, हे आपल्या तालुक्यांत आजीआजोबांच्या तोंडून पुष्कळांनी ऐकले असेल. १९४५ साली गोदूताई परुळेकरांच्या नेतृत्वाखाली इथल्या वारल्यांनी गवतकापणीचा संप केला, तो याच गावांतून. त्यामुळे सैनिकांसाठी जमलेल्या निधीपेक्षा खाणकामगारांसाठी जमलेला निधी मला जवळचा वाटतो. हा निधी इंग्लंडमधल्या वरच्या लोकांना रुचला नाही, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

मग ५ डिसेंबर १९२१ उजाडला. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की बायकांना फुटबॉल योग्य नाही आणि सामन्यांच्या उत्पन्नातला फार मोठा भाग खर्चात जातो. म्हणून संलग्न क्लबांनी आपली मैदाने त्यांना देऊ नयेत. नोंदणीकृत पंचांनाही या सामन्यांपासून दूर ठेवण्यात आले. पुरुष खेळाडू पगार घेत होते, त्याबद्दल तक्रार नव्हती. बाईच्या दहा शिलिंगांचा मात्र हिशेब काढला गेला. लिली तेव्हा सोळा वर्षांची होती.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मनाई खेळाला नव्हती, होती ती मैदानाला. खेळा हवे तेवढे, पण आमच्या जागेत नको! आपल्याकडे भात कापून झाले की खाचर मोकळे होते आणि तेच गावाचे मैदान बनते. तिथे मुलांच्या क्रिकेटच्या स्पर्धा लागतात, भोंगा लागतो, चषक येतात. आम्ही मुली बांधावर उभ्या राहून पाहतो. आम्हाला कुणी ठराव करून मनाई केलेली नाही. तशी कुणाला गरजच वाटली नाही.

मैदाने गेल्यावर हा संघ सार्वजनिक बागांत, रग्बीच्या आणि कुत्र्यांच्या शर्यतींच्या मैदानांवर खेळू लागला. १९२२ साली तो अटलांटिक ओलांडून गेला. कॅनडात खेळण्याची परवानगी मिळाली नाही, तेव्हा मुली अमेरिकेत पुरुषांच्या संघांशी खेळल्या. काही सामने जिंकल्या, काही हरल्या. १९२६ च्या सुमारास कारखान्याशी संबंध तुटला आणि संघ प्रेस्टन लेडीज या नावाने चालू राहिला. लिली व्हिटिंगहॅमच्या मनोरुग्णालयात परिचारिका झाली. तिथेच तिला मेरी नावाची सहकारी भेटली. पुढे दोघींनी जन्मभर एकत्र संसार केला. त्या काळी असे उघड राहणे सोपे नव्हते.

यापुढचे हंगाम चरित्रकार दोन ओळींत उरकतात. मला तेच खरे चरित्र वाटते. आठवडाभर रुग्णांची सेवा करायची आणि सुटीच्या दिवशी सामना खेळायचा. मिळालेला पैसा पुन्हा कुठल्या तरी धर्मादाय संस्थेला द्यायचा. त्रेपन्न हजारांची गर्दी एकदा पाहिलेल्या बाईने कुत्र्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, मूठभर लोकांसमोर तितक्याच जोराने चेंडू मारणे, याला काय म्हणावे? १९४६ साली ती कर्णधार झाली आणि १९५१ साली खेळ थांबवला तेव्हा तिचे वय सेहेचाळीस होते. तिच्या नावावर नऊशेहून अधिक गोल सांगितले जातात.

१९६५ साली प्रेस्टनचा संघ बंद पडला. १९६७ साली लिलीवर स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. मैदानांवरची मनाई उठली ती १९७१ साली, तब्बल पन्नास वर्षांनी. तेव्हा ती सहासष्ट वर्षांची होती. आता इंग्लंडमध्ये बायकांच्या स्पर्धांची मोठी उतरंड आहे. वरच्या पायरीवरच्या खेळाडूंना भरपूर पगार मिळतो. पण खालच्या पायऱ्यांवरच्या पुष्कळ बायका आजही दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सरावाला जातात आणि बहुधा पुरुष संघांच्या मैदानावर खेळतात. आपल्या नवी मुंबईतही ३० ऑक्टोबर २०२२ रोजी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. त्यात स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले.

लिली पार २४ मे १९७८ रोजी वारली. तिला सेंट हेलेन्समध्येच पुरले. २००२ साली इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाने आपल्या सन्मानयादीत तिला घेतले. त्या यादीतली ती पहिली स्त्री. २०१९ साली मँचेस्टरच्या त्याच संग्रहालयात तिचा पुतळा बसवण्यात आला.