एका सुराच्या पेटीचा धनी : कल्याणजी वीरजी शहा

सांबऱ्यापासून निपाणीपर्यंत आणि घाटाखाली गोव्यातही, लग्नाची वरात रंगात आली की बँडवाले नागीण नृत्याची धून धरतात. कुणी तोंडात रुमाल धरून पुंगी वाजवल्याचा आव आणतो, कुणी फणा काढून डोलतो. 1954 च्या ‘नागिन’ चित्रपटातील ती पुंगी मात्र गारुड्याची नव्हती. ती विजेवर चालणाऱ्या एका लहान पेटीची होती आणि तिच्यामागे कल्याणजी वीरजी शहा हा पंचविशीतला तरुण बसला होता.

कल्याणजींचा जन्म 30 जून 1928 रोजी कच्छमधील कुंदरोडी गावी झाला. वडिलांनी मुंबईत येऊन किराणा मालाचे दुकान थाटले. उधारी फेडू न शकलेल्या एका गिऱ्हाइकाने मुलांना संगीताचे धडे देऊन तिची परतफेड केली, अशी आठवण सांगितली जाते. गिरगावच्या मराठी-गुजराती वस्तीत हा मुलगा वाढला आणि दुकानाच्या तागडीपेक्षा सुरांत रमला.

त्याच्या हाती आलेल्या वाद्याचे नाव क्लॅव्हिओलिन. फ्रान्समधील कॉन्स्टन्ट मार्टिन यांनी 1947 मध्ये ते घडवले. आत व्हॉल्व्ह, समोर छोटी स्वरपट्टी, नाद पालटण्यासाठी कळा आणि आवाज चढवण्या-उतरवण्यासाठी गुडघ्याने दाबायची तरफ. एका वेळी त्यातून एकच स्वर निघे. पाश्चात्त्य वादकाला ही उणीव वाटावी. पण एका स्वरामागून एक स्वर उलगडत जाणाऱ्या आपल्या संगीताला ती अडचण नव्हती. नाकातून आल्यासारखा तीक्ष्ण नाद आणि स्वराचे कंपन यांचा मेळ घालून कल्याणजींनी त्या पेटीतून पुंगी बोलकी केली.

‘नागिन’चे संगीतकार हेमंतकुमार होते. त्यांचे साहाय्यक रवी यांच्या हार्मोनियमची साथ या पुंगीला लाभली आणि मंगेशीशी नाते सांगणाऱ्या लता मंगेशकरांच्या स्वराभोवती ती धून देशभर घुमली. हेमंतकुमारांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. वादकाचे नाव मात्र सामान्य श्रोत्यापर्यंत फारसे पोहोचले नाही.

वादक म्हणून विस्मृतीत जाणे कल्याणजींच्या वाट्याला आले नाही, कारण ते स्वतः संगीतकार झाले. 1958 च्या ‘सम्राट चंद्रगुप्त’पासून त्यांचे नाव पडद्यावर झळकले. पुढे धाकटे बंधू आनंदजी यांच्यासह त्यांनी ‘उपकार’, ‘जंजीर’, ‘डॉन’ असे चित्रपट सजवले. ‘सरस्वतीचंद्र’साठी या जोडीला राष्ट्रीय पुरस्कार लाभला. लक्ष्मीकांत कुडाळकर व प्यारेलाल यांनी त्यांच्याकडेच साहाय्यक म्हणून उमेदवारी केली. गोमंतकीय संगीतकार फ्रँक फर्नांड यांचेही साहाय्य त्यांना लाभले. उतारवयात कल्याणजींनी मुलांना गाणे शिकवण्यात मन घातले. दाभोळच्या साधना सरगम त्यांच्याच तालमीत घडल्या. 1992 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

24 ऑगस्ट 2000 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. पुढे 1967 मध्ये बीटल्सनीही वापरलेले क्लॅव्हिओलिन आज संग्राहकांच्या कपाटात विसावले आहे. ती धून मात्र गावोगावच्या वरातीत ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि कॅसिओवर वाजतेच आहे. पुढच्या वेळी ती कानी पडली, तर नाचणाऱ्यांना त्या पेटीमागच्या माणसाचे नाव अवश्य सांगावे. गारुडी तोच होता.