कानाने शिकले, कागदावर जपले : पंडित विष्णू नारायण भातखंडे

गणपती आले की आमच्या कोहिनूर परिसरात पेटी, मृदंग आणि टाळ बाहेर निघतात. आरत्यांच्या आणि भजनांच्या चाली आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. वडीलधाऱ्यांच्या मागे बसून कानानेच उचलल्या. हीच कानावरची विद्या ज्यांनी कागदावर आणली, त्या पंडित विष्णू नारायण भातखंडे यांचे यंदा स्मरण करीत आहोत. त्यांचे निधनही गणेश चतुर्थीलाच, १९ सप्टेंबर १९३६ रोजी झाले.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीला, मुंबईच्या वाळकेश्वरला झाला. शिक्षणाने ते वकील. काही काळ कराचीलाही त्यांनी वकिली केली. पण ओढा गाण्याकडे. आधी सतार शिकले. १८८४ पासून मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत जाऊ लागले. तेथे रावजीबुवा बेलबागकरांकडून धृपदे आणि अली हुसेन खाँ, विलायत हुसेन खाँ यांच्याकडून ख्याल घेतले. ऐकायचे, म्हणायचे, चुकले की पुन्हा ऐकायचे, अशीच ती तालीम होती.

शिकता शिकता त्यांना एक काळजी लागली. एकच राग दोन घराण्यांत दोन तऱ्हांनी गायला जाई आणि कारण कुणी सांगत नसे. उस्ताद गेले की त्यांच्याबरोबर चिजाही जात. आपल्या शेजारच्या कल्याणात १२व्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ ग्रंथात संगीतावर लिहिले. ग्रंथ राहिला, पण त्या दरबारातले गाणे आज आपल्याला ऐकता येत नाही.

१९०० मध्ये पत्नी आणि १९०३ मध्ये मुलगी गेली. त्यानंतर भातखंडे यांनी स्वतःला या कामालाच वाहून घेतले. १९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले. तेथील ७२ मेळांची पद्धत अभ्यासून पुढे त्यांनी हिंदुस्थानी राग १० थाटांत बसविले. नंतरच्या प्रवासात आपल्या जुन्या संस्थानाची राजधानी हैदराबादही होती.

चिजा मिळविणे मात्र सोपे नव्हते. चीज ही उस्तादांची पोटाची शिदोरी. ती मुलाला नाही तर गंडा बांधलेल्या शागिर्दाला द्यायची. तिची वही झाली तर आपल्याला कोण विचारणार, ही त्यांची भीती खोटी म्हणता येणार नाही. भातखंडे यांनी आर्जवे केली, स्वतः शिष्यत्व पत्करले. जयपूरच्या मनरंग घराण्याच्या चिजा त्यांनी फोनोग्राफवर उतरवून घेतल्या.

त्यांची स्वरलिपी साधी आहे. सा रे ग म हीच अक्षरे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. समेला फुली, खालीला शून्य. या लिपीत त्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या ६ भागांत हजाराहून अधिक चिजा दिल्या. ही मालिका आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे ४ भाग त्यांनी मूळ मराठीत लिहिले, याचा सीमेवरच्या आम्हा मराठी घरांना विशेष अभिमान वाटतो. १९१६ मध्ये बडोद्याला संगीत परिषद भरली. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला आणि १९२६ मध्ये लखनौला संगीताची विद्यालये निघाली. ज्यांच्या घरात गाण्याची परंपरा नव्हती, अशा मुलामुलींना दार उघडले.

तरीही कागद अपुराच. दरबारीतला गंधार किती झुलवायचा, मींड कुठे सोडायची, हे रेघ सांगत नाही. ते गुरूसमोर बसूनच कळते. पुस्तक चीज जपते, गाणे कानातूनच येते. भातखंडे स्वतः कानानेच शिकले होते. लिहिले ते पुढच्यांसाठी.

अखेरची सुमारे तीन वर्षे ते पक्षाघाताने अंथरुणाला खिळून होते. पण काम मागे राहिले.

आमच्या घरांतील आजी-आजोबांच्या ओठांवर अजून कितीतरी जुन्या चाली आहेत. या दहा दिवसांत मुलांनी त्यांच्याजवळ बसून त्या आधी कानाने शिकाव्यात आणि मग वहीत उतरवून ठेवाव्यात, एवढेच आमचे मागणे आहे.

गणपती बाप्पा मोरया!