धुळींतून भूतकाळ वाचणारा एरेनबर्ग

‘बॅक्टेरियम’ ही संज्ञा शास्त्रांत प्रथम आणिली ती १८२८ सालीं ख्रिस्तियान गॉटफ्रीड एरेनबर्ग ह्यानें. त्याचा जन्म १७९५ सालीं जर्मनींतील डेलिच गांवीं झाला. लाइप्झिग येथें त्यानें धर्मशास्त्राच्या अभ्यासास आरंभ केला होता. पुढें तो वैद्यक व सृष्टिशास्त्र ह्यांकडे वळला.

१८२० सालीं हेंप्रिख नांवाच्या मित्रासह तो मिसर देशास निघाला. वाळवंट, नाईल नदी, सिनाय व तांबडा समुद्र असा पांच वर्षांचा तो प्रवास फार कष्टाचा झाला. सोबतचे लोक तापानें दगावले. १८२५ सालीं मसावा बंदरीं हेंप्रिखही वारला. हजारों वनस्पति व प्राणी घेऊन एरेनबर्ग स्वदेशीं परतला, पण मित्रावांचून. ह्याच प्रवासांत, १८२३ सालीं, तोर येथील उपसागराचें पाणी रक्तासारखें लाल झालेलें त्यानें पाहिलें. दुसरा कोणी नवल करून पुढें गेला असता. ह्यानें तें पाणी भिंगाखालीं धरिलें, तों त्यांत सूक्ष्म सजीव तंतु दिसले!

बर्लिनला आल्यावर त्यानें दगडांकडे दृष्टि वळविली. बोहेमियांतील बिलिन येथें धातूस झिलई देण्याच्या कामीं येणारा एक मऊ दगड सांपडतो. तो सर्व डायाटम नामक सूक्ष्मजीवांच्या कवचांचा बनला आहे, असें १८३६ सालीं त्यास आढळलें. एका घन इंचांत अशीं ४,१०० कोटि कवचें असावींत, असा त्याचा हिशेब होता. हीं कवचें गारेच्या द्रव्याचीं असल्यामुळें कुजत नाहींत. आणि कोणती जात गोड्या पाण्यांत राहते व कोणती खाऱ्या, हें ठरलेलें असतें. म्हणून जेथें आज कोरडी जमीन आहे तेथें पूर्वीं सरोवर होतें कीं समुद्र, हें त्यांवरून कळतें.

आफ्रिकेच्या पश्चिमेस भर समुद्रांत जहाजांवर पडणारी बारीक धूळ डार्विनानें त्याजकडे पाठविली. तींत त्यास ६७ सजीव आकार सांपडले, व सूक्ष्मजीवांपैकीं दोन वगळतां बाकीचे सर्व गोड्या पाण्यांतले! डार्विनाच्या मतें ती धूळ आफ्रिकेची होती. एरेनबर्गास मात्र तींत खास आफ्रिकेच्या ओळखीच्या जाती दिसेनात, उलट दक्षिण अमेरिकेच्या दोन दिसल्या. तेव्हां तो साशंक राहिला. डार्विनाचेंच म्हणणें खरें ठरलें. चाड देशांत हजारों वर्षांपूर्वीं मोठें सरोवर होतें. तें आटून उघड्या पडलेल्या तळाची डायाटमयुक्त धूळ आजही वाऱ्यानें अटलांटिकावर जाते.

त्याची दुसरी चूक आम्हांस अधिक मोठी वाटते. एकपेशी जीवांसही पुष्कळ जठरें व पूर्ण इंद्रियें असतात, असें त्यानें १८३८ च्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें. फ्रान्समधील द्युजार्दें ह्यानें तें खोडून काढिलें, तरी ह्यानें हट्ट सोडिला नाहीं. नमुने मात्र त्यानें जपून ठेविले, हें त्याचें खरें उपकारकृत्य होय.

१८७६ सालीं बर्लिन येथें तो वारला. त्याचा संग्रह तेथील संग्रहालयांत आहे. डार्विनानें पाठविलेल्या धुळीच्या पुड्या आधुनिक शास्त्रज्ञांनीं पुन्हां तपासिल्या, व त्याचा वृत्तांत २००७ सालीं प्रसिद्ध झाला. दीडशेंहून अधिक वर्षें कागदांत बांधून पडलेल्या त्या धुळींतील कांहीं सूक्ष्मजीव पोषण मिळतांच वाढूं लागले होते.