बर्फ तोलणारे प्रा. चर्च

बर्फाचा अभ्यास हे शास्त्रशाखेचे काम, असा आपला समज. पण जेम्स एडवर्ड चर्च हे लॅटिनचे प्राध्यापक! १८६९ साली मिशिगनमध्ये जन्मलेले हे गृहस्थ १८९२ साली नेव्हाडा विद्यापीठात आले व तेथलेच झाले. भर हिवाळ्यात माउंट रोझ शिखर चढण्याचे त्यांना वेडच लागले.

खाली टाहो सरोवरावरून तंटा पेटला होता. धरणात पाणी अडवले तर काठावरच्या जमिनी बुडत. लवकर सोडले तर उन्हाळ्यात वीजकंपनी व शेतकरी कोरडे. (शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या मला असले तंटे नवे नाहीत.) डोंगरावरच्या बर्फात पाणी किती, हे आधी कळणार कसे? नुसती उंची मोजून भागत नाही. दहा इंच ताज्या बर्फाचे साधारण एक इंच पाणी होते, तर वसंतातल्या दबलेल्या बर्फाचे चार इंचही. चर्च यांनी दातेरी तोंडाची पोकळ नळी बनवली. ती जमिनीपर्यंत खुपसायची, बर्फासकट काट्याला लावायची. वजनावरून पाणी कळे. १९११ च्या सुमारास त्यांच्या अंदाजावरून सरोवराचे पाणी वेळीच सोडता येऊ लागले व तंटा निवळला.

१९४७ साली हिमालयातील बर्फाच्या मोजणीसाठी ते भारतात आले, तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर होते! १९५९ साली ते वारले. त्यांच्या नळीची सुधारलेली आवृत्ती अमेरिकेच्या डोंगरांत आजही वापरतात.