शेजारी बसवणारी गुरुमाता : इसाबेला थोबर्न

लखनौमधील गोमती नगर ही गेल्या काही दशकांत वसलेली विस्तीर्ण वसाहत. सकाळी तेथील रस्ते शाळेला निघालेल्या मुलांनी भरून जातात. आपल्या गावातले दृश्यही वेगळे नसते. शाळेचा निकाल कसा लागतो, फी किती आहे, याची चौकशी आपण सारेच करतो. परंतु वर्गात आपल्या लेकराच्या शेजारी कोण बसते, मधल्या सुट्टीत त्याला खेळात घेतात की त्याची टिंगल होते, हे आपण कितीदा विचारतो? याच प्रश्नाला आपले आयुष्य वाहणारी एक प्रभूची सेविका याच शहरात होऊन गेली. गोमती नगराकडून जुन्या शहराकडे येताना चांदबाग येथे तिच्या नावाचे महाविद्यालय आजही उभे आहे. तिचे नाव इसाबेला थोबर्न.

इसाबेलाबाईंचा जन्म 29 मार्च 1840 रोजी अमेरिकेतील ओहायो प्रांतात, आयर्लंडहून आलेल्या एका शेतकरी कुटुंबात झाला. दहा भावंडांत त्या नवव्या. त्या दहा वर्षांच्या असतानाच पितृछत्र हरपले. शिक्षण पुरे करून त्या शिक्षिका झाल्या. त्यांचे बंधू जेम्स थोबर्न 1859 पासून हिंदुस्थानात मिशनकार्य करीत होते. येथील मुलींना शिकवण्यास कोणीतरी यावे अशी त्यांनी बहिणीला विनंती केली. 1869 साली मेथडिस्ट स्त्रियांनी बॉस्टन येथे स्वतःची मिशनरी संस्था स्थापन केली आणि डॉ. क्लारा स्वेन यांच्यासह इसाबेलाबाईंना पाठविले. जानेवारी 1870 मध्ये त्या दोघी मुंबई बंदरात उतरल्या.

लखनौला येताच बंधूंनी त्यांच्याकडे आपली पत्रे नकलून देण्याचे काम सोपविले. काही काळ ते करून, आपण त्यांच्या लेखनिक म्हणून आलो नाही, हे बाईंनी सौम्यपणे पण स्पष्टपणे त्यांच्या लक्षात आणून दिले. बंधूंनीही आपली चूक मानली आणि बहिणीला बरोबरीची सहकारी म्हणून वागविले. स्वतःचा मान जपणारी व्यक्तीच दुसऱ्याच्या मानाची खरी राखणदार होते, याची प्रचिती पुढे आली.

18 एप्रिल 1870 रोजी अमीनाबादच्या बाजारात एका खोलीत सहा मुलींची शाळा सुरू झाली. बाहेरून कोणी त्रास देऊ नये म्हणून दारात लाठी घेतलेला एक तरुण उभा केलेला होता. मुलींच्या शिक्षणाला होणारा विरोध महाराष्ट्रालाही नवा नव्हता; 1848 पासून पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी तो सोसलाच होता. बाहेरच्या उपद्रवाला लाठीने आवर घालता येत असे. पण वर्गाच्या आत जो दुरावा होता, त्यावर लाठीचा काय उपयोग?

त्या दुराव्याचे मूळ ध्यानी घ्या. 1857 चे युद्ध होऊन अवघी तेरा वर्षे झाली होती आणि लखनौने त्याचा दाह प्रत्यक्ष भोगला होता. गोरा समाज देशी लोकांकडे संशयाने व तुच्छतेने पाहत असे. मिश्र वंशाची यूरेशियन कुटुंबेही हिंदुस्थानी ख्रिस्ती बांधवांपासून अंतर राखीत. मोठ्यांचा हा अहंकार मुलांत सहजच उतरतो. 1871 साली अवधच्या अखेरच्या राजाच्या खजिनदाराची लालबाग ही जागा मिशनने विकत घेतली आणि शाळा तेथे वाढली. बाईंनी तेथे हिंदुस्थानी व यूरेशियन मुलींना एकाच शाळेत एकत्र शिकविण्याचा निश्चय केला. वंशाचा गर्व त्या ख्रिस्ती जीवनाशी विसंगत मानीत. उपदेशाने तो जाईल अशा भ्रमात न राहता, रोजच्या सहवासाने तो विरघळावा अशी त्यांनी व्यवस्था केली.

फीबी रो हिचे उदाहरण पाहा. वडील स्कॉटिश, आई हिंदुस्थानी. म्हणजे दोन्ही समाजांच्या उंबरठ्यावर उभी असलेली मुलगी. लालबागेत तिला घर मिळाले. पुढे ती बाईंची निकटची सहकारी झाली आणि खेड्यापाड्यांत सुवार्ता सांगत फिरली. 1898 साली ती प्रभूघरी गेली, तेव्हा बाईंनी स्वतः तिचे चरित्र लिहिले.

पुढे लालबागेतच महाविद्यालयाचे वर्ग सुरू झाले. आशियातील स्त्रियांच्या पहिल्या ख्रिस्ती महाविद्यालयांत त्याची गणना होते. तेथील विद्यार्थिनी लीलावती सिंग पुढे तेथेच प्राध्यापिका झाल्या. 1900 साली न्यूयॉर्कच्या जागतिक मिशनरी परिषदेत गुरू आणि शिष्या बरोबरच उपस्थित होत्या आणि शिष्येने मोठ्या सभेपुढे भाषण केले. पुढच्याच वर्षी, 1 सप्टेंबर 1901 रोजी, पटकीने बाईंचे लखनौमध्ये निधन झाले. त्यांचे नाव लाभलेले महाविद्यालय 1923 मध्ये चांदबागेत गेले.

वाचकहो, याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सभेत आलेल्या श्रीमंताला मानाची जागा आणि गरिबाला पायाशी जागा देणाऱ्यांची कानउघाडणी आहे. तेथे पक्षपातासाठी जो ग्रीक शब्द योजला आहे, त्याचा मूळ अर्थ तोंड पाहून स्वीकारणे असा आहे. विश्वासाची परीक्षा तेथे कोण कोठे बसतो यावरून होते, हे विसरू नका.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांच्या मानसिक छळाला मनाई केली आणि खासगी शाळांच्या पहिल्या वर्गात दुर्बल घटकांसाठी पाव जागा राखल्या. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना त्या कायद्यातून वगळले. म्हणून आपली जबाबदारी कमी झाली काय? कायद्याने सूट दिली तरी प्रभूने दिलेली नाही. आपल्या शाळेत, संडे स्कूलमध्ये, वसतिगृहात एखादे लेकरू बोलीवरून, रंगावरून, आडनावावरून वा आईबापांच्या कामावरून चिडविले जात असेल, तर मुले आहेत, चालायचेच, असे म्हणून डोळेझाक करू नका. चिडविणाऱ्याला शिक्षा करून थांबू नका. एकट्या पडलेल्या लेकराला कोणाच्या तरी शेजारी बसवा आणि त्या दोघांना मिळून एखादे काम द्या. आईबापांनी तक्रार केली, तर त्यांचा रोष सोसण्याची तयारी ठेवा.

येत्या रविवारी आपल्या मंडळीतील मुले कशी बसतात, ते एकदा डोळसपणे पाहा. कोणते लेकरू बाकाच्या टोकाला एकटे आहे? तेथूनच आपण आरंभ करू या, आणि त्यासाठी प्रभू आपणांस कृपा देवो.