एका सामन्याचे डॉ. ग्रॅहॅम
अमेरिकी बेसबॉलपटू आर्चिबाल्ड ‘मूनलाइट’ ग्रॅहॅम यांच्या वाट्याला सर्वोच्च श्रेणीतील एकच सामना आला. २९ जून १९०५ रोजी न्यूयॉर्क जायंट्सकडून ते क्षेत्ररक्षणास उतरले. फलंदाजीची संधी मात्र मिळालीच नाही. त्यांची उर्वरित व्यावसायिक कारकीर्द ‘मायनर लीग’ या दुय्यम श्रेणीत सरली. वैद्यकीय पदवी घेतलेल्या ग्रॅहॅम यांनी पुढे मिनेसोटातील चिझम या खाणकामगारांच्या गावी अनेक दशके शालेय मुलांच्या आरोग्याची काळजी वाहिली. १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ (१९८९) या चित्रपटाने त्यांचे नाव सर्वदूर पोहोचवले. त्यात बर्ट लँकेस्टर यांनी वृद्ध ग्रॅहॅम साकारले. मायनर लीगमधील बहुसंख्य खेळाडूंना तो एक सामनाही लाभत नाही. खेळ संपल्यावरही आयुष्य सार्थकी लागू शकते, याची साक्ष ग्रॅहॅम यांचे जीवन देते.